सावकारपेठेत गेलेलं दार

मी शेवंतीबायच्या घराचं दार बोलतंय. दाराला तोंड कुठून आलं ते विचारू नका. सोनेरी रंग फासून मला पंधरा दिवस सावकारपेठेत उभं केलं होतं. तिथं सगळ्यांनाच तोंड फुटतं.

माझा जन्म गोव्यातल्या मोपा गावच्या खालच्या वाड्यावरचा. परसातला फणस पडला, त्यातून भिकाजी मेस्तांनी मला घडवलं. वीस वर्षं माझं काम एकच. शेवंतीबाय भाजीची पाटी घेऊन पेडण्याच्या बाजारात गेली की आपण लागून राहायचं. घरात ती एकटी. मी लागलं तरच तिला बाहेर पडता येतं.

यंदा गावच्या मंडळानं शिगम्याच्या मिरवणुकांसाठी चित्ररथ काढला. विषय, सुवर्णनगरीतली सावकारपेठ. असलं शहर कुठं नाही, ते अध्यक्ष काशिनाथाच्या डोक्यात आहे. थर्माकोलचे वाडे, पोटाला उशा बांधलेले सावकार. श्रीमंती दाखवायची तर सामान लागतं, आणि ते गरिबाच्या घरातून न्यायची आमच्याकडे रीत. कुणाची समई, कुणाचा लग्नातला शालू. तसं मी.

"अगे शेवंतीबाय, दोन दिसांचा काम," काशिनाथ म्हणाला. "फोंड्याची मिरवणूक झाली की दार घरात."

फोंडा झाला. डिचोली झाली. बक्षीस कुठंच नाही, म्हणून मला सोनेरी रंगाचा आणखी एक हात.

शेवंतीबाय रथाच्या मांडवात आली तेव्हा मला घरची बातमी कळली. माझ्या जागी तिनं जुनं लुगडं बांधलेलं. ती बाजारात गेली आणि कुत्रा आत शिरून पेजेचं मडकं चाटून गेला. पुढच्या बाजाराला ती गेलीच नाही. पाटीतली भाजी पिवळी पडली, आणि ही लुगड्याची राखण करत बसली.

"कलेसाठी थोडा सोसूचा लागता," काशिनाथ म्हणाला. त्याच्या घरचं सागवानी दार मात्र कलेला चाललं नाही. त्याला नवं पॉलिश होतं म्हणे.

मग पेडण्याची मिरवणूक आली. रथ परीक्षकांसमोर थांबला. माईकवर मंडळाचा अभिजीत सांगत होता, "पाहा ही सावकारपेठ. इथं चोरी म्हणून होत नाही. इथली दारं सदा उघडी."

गर्दीतून शेवंतीबाय थेट रथावर चढली.

"चोरी होत नाय? मगे माझा दार हय कसा इला?"

काशिनाथ खालून हातवारे करतोय. तिनं माझ्या बिजागऱ्या खिळखिळ्या केल्या आणि सावकारांकडे वळली. "रे सगुण, ती पोटाची उशी सोड आणि हात लाव. खाऊन माजलंस काय?"

सगुण सावकारानं मुकाट्यानं उशी सोडली. दोघांनी मला भर मिरवणुकीतून उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांना वाटलं, हा देखाव्यातलाच प्रसंग. जिवंत अभिनयासाठी पहिलं बक्षीस.

दुसऱ्या दिवशी काशिनाथ हसत अंगणात. "शेवंतीबाय, आता वास्को. दार घेतंय, आणि तूय चल. परीक्षकांक तू आवडलंस."

तिनं मला त्याच्या तोंडावर लावलं. पंधरा दिवसांनी मी लागलं. काय सुख असतं ते उघड्या दारांना कळायचं नाही.

सोनेरी रंग काही सुटत नाही. मोपाच्या विमानतळाकडे जाणारे गाडी थांबवून माझे फोटो काढतात. काढू देत. शेवंतीबाय बाजारात असते.

एवढंच मागणं. पुढच्या शिगम्याला पेठ उभारायची झाली, तर काशिनाथाचं दार न्या. त्याला सोनं लावायचीही गरज नाही.