तूगाच्या चिठ्ठ्या

नेवेन्काने सुपाचा डाव ताटलीत ओतला, तसा प्रोफेसरने तिचा हात धरला. त्याच्या मिशीला कोंबडीची चरबी लागली होती. तिला शिसारी आली.

वीन्कोला, तिच्या नवऱ्याला, पुरून येऊन तास झाला नव्हता. मयताच्या घरी गावाने जेवायचं हा रिवाजच, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. झाग्रेबहून आलेल्या या प्रोफेसरने दोनदा वाढून घेतलं, घेऊ दे मेल्याला. पण थडग्यापाशी त्याने ठोकलेलं ते भाषण! एका शब्दावर अर्धा तास. तूगा. आपल्या क्रोएशियन बोलीत तूगा म्हणजे दुःख. चेक लोकांत त्याच शब्दाची तोउहा झाली, तिचा अर्थ ओढ. रशियनांच्या जुन्या गाण्यांत परत दुःखच. आणि सगळ्यांचं मूळ एकच, ताणून घट्ट झालेलं काहीतरी.

"आता ऐका," शवपेटीवर हात ठेवून तो म्हणाला होता, "तान्हं दगावलेली एक खेडवळ बाई काय म्हणते! 'दूध दाटलंय, प्यायला कुणी नाही. छातीत तूगा भरलीय.' काय काव्य आहे, वा!"

ती खेडवळ बाई म्हणजे नेवेन्काच. बेचाळीस वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून ती हे एकट्या वीन्कोला बोलली होती. वीन्को शाळामास्तर, शब्दवेडा; गावात कानावर पडेल तो शब्द चिठ्ठीवर टिपायचा. त्याने हेही टिपून ठेवलं, नक्कल प्रोफेसरला धाडली, आणि गेल्या वर्षी ते त्याच्या पुस्तकात छापून आलं. वीन्कोने तिला ते पान कौतुकाने दाखवलं. तेव्हापासून नवऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा तिला नकोसं झालं होतं.

"वहिनी, उरलेल्या चिठ्ठ्या आजच गाडीत घालतो," प्रोफेसर म्हणाला. "दुसरा भाग अडलाय माझा."

"देऊन टाक गं," शेजारची काता म्हणाली. "नाहीतर उंदीरच खायचे."

"आधी हात सोडा," नेवेन्का म्हणाली. सुटलेला हात तिने एप्रनला खसाखसा पुसला. "सकाळी त्याच्या शवपेटीतली उशी भरायची होती. भुसा कमी पडला."

प्रोफेसरचा चमचा ताटलीत पडला.

"उशीत घातल्या? सगळ्या? अहो, जन्माचं काम होतं त्याचं!"

"म्हणून तर त्याच्याच डोक्याखाली दिल्या," ती म्हणाली. "माझी चिठ्ठी तेवढी काढून घेतली. तिच्यावर नाही झोपू दिलं त्याला."