दर रविवारी नवा लोलक

माझ्या साडूने एकदा भिंतीवरचं एक घड्याळ इतकं स्वच्छ केलं, की त्यातून निघालेल्या धुळीत मागच्या पिढीचे दोन सोमवार आणि एक अर्धवट वापरलेली दुपार सापडली. घड्याळाचा मालक ती दुपार कागदात बांधून घरी घेऊन गेला. तुमचा विश्वास बसत नसेल तर नका ठेवू. साडूचाही बसला नव्हता, आणि झाडू त्यानेच मारला होता.

तर साडू घड्याळजी. घड्याळ बिघडलंय की चाललंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. समोर आलं की उघडायचं, एकेक चाक पेट्रोलमध्ये धुवायचं, पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून जोडायचं. चांगलं चाललेलं घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं तर ते आपणहून बंद पडायचं, म्हणजे निदान उघडायला काही कारण मिळावं. पुढे लोक खिशातल्या फोनमध्ये वेळ बघायला लागले, साडूचं दुकान मिटलं, आणि त्याचं टेबल, भिंग, चिमटे सगळं घरातल्या मागच्या खोलीत आलं.

ही मागची खोली म्हणजे सगळ्या भानगडीचं मूळ.

साडूची सून बोलताना अडखळणाऱ्यांना बोलतं करते. शिकलेली, गुणी मुलगी, तिच्याकडे येणारी माणसंही बऱ्यापैकी. फक्त त्यांना बसवायला जागा नाही. ती त्यांना स्वयंपाकघरात घ्यायची. एका वकिलाने महिनाभर घाम गाळून 'माझ्या अशिलाच्या वतीने' एवढे शब्द एका दमात म्हटले, आणि शेवटच्या अक्षराला कुकरने शिट्टी दिली. वकील परत 'मा'वर. त्या दिवशी सूनबाईने कुकर जरा जोरात घासला.

आक्का, म्हणजे साडूची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, या घरातलं वरचं कोर्ट. तिने हे प्रकरण निकालाला घेतलं.

"अहो, मागच्या खोलीत तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

"सेवा," साडू म्हणाला.

"कुणाची?"

"ते मला माहीत नाही. तीच तर गंमत आहे."

गंमत अशी होती. वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी हौशी लोकांची एक टोळी जमवली होती. इंटरनेटवर आपण कुठे जातो, काय वाचतो, हे ज्यांना कुणाला कळू द्यायचं नसतं अशी माणसं असतात. कुणाला आपल्या आजाराबद्दल गुपचूप विचारायचं असतं, कुणाला मारकुट्या नवऱ्यापासून सुटायची वाट शोधायची असते. अशांचा निरोप टोळीतले लोक तीन अनोळखी घरांतल्या तीन यंत्रांतून फिरवत नेतात. पहिल्याला निरोप कुठून आला ते कळतं, तिसऱ्याला कुठे चालला ते कळतं, आणि मधल्याला काहीच कळत नाही. असं प्रत्येक यंत्र म्हणजे एक रिले. ज्याचा त्याने स्वखुशीने घरात चालवायचा.

साडूला मधली जागा आवडली. "जन्मभर दुसऱ्यांची वेळ सांभाळली," तो म्हणाला, "आता दुसऱ्यांचे निरोप सांभाळतो. वाचायचीही कटकट नाही." पावाएवढं एक यंत्र त्याने टेबलावर मांडलं, रिलेला 'लोलक' असं नाव दिलं, आणि समोर खुर्ची टाकून बसला.

आक्काने निकाल दिला. "थंडी सरेपर्यंत तुमच्या त्या यंत्राला खरोखरचं काम मिळालं, तर खोली तुमची. नाही मिळालं, तर सूनबाईची. मग कुरकुर चालायची नाही. कुणाचीच." शेवटचं वाक्य सुनेकडे बघून.

"चालेल, आई," सून म्हणाली.

"चालेल काय, धावेल," साडू म्हणाला.

धावणं सोडा, ते रांगेनासुद्धा. पडद्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या निरोपांची एक रेघ दिसायची. ती इतकी सपाट, की साडूने दोनदा बोट फिरवून ती पडद्यावरचा ओरखडा तर नाही ना, हे पाहिलं. बाकीच्यांचे रिले म्हणे ऊर फुटेस्तोवर पळत होते. आमचा लोलक माशा मारत बसला होता.

घोडं नेमकं कुठे अडलंय ते शोधायला साडूने मला बोलावलं. मला यातलं काही कळत नाही, म्हणून मी बऱ्याच सूचना केल्या. केबल बदलली. राउटर पत्र्याच्या कपाटात होता, तो बाहेर काढला. खिडकीत ठेवला. मी म्हटलं, निरोप बाहेरून येतात, त्यांना खिडकी सोपी पडेल. एक कबुतर तेवढं आलं. मग यंत्राला बाहेरून येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवावं लागतं, ते उघडं आहे की नाही ते तपासलं; उघडंच होतं. शेवटी इंटरनेट कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने आपलं मीटर लावलं, शीळ घातली आणि म्हणाला, "काका, लाइन एकदम कडक आहे. असल्या लाइनवर लोक सिनेमे बघतात. तुम्ही काय बघता?"

"रेघ," साडू म्हणाला.

मेकॅनिकने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मी नजर टाळली.

तिकडे थंडी सरायला लागली होती. दुपारी लोक स्वेटर काढून खांद्यावर टाकायला लागले. सून एक दिवस मापाची टेप घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत मात्र आली नाही. साडूने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. संध्याकाळी मला म्हणाला, "साडूभाऊ, खोली गेली तर मी बसायचं कुठे? हॉलमध्ये? तिथे तर नुसती माणसं बसतात."

मी म्हटलं, "ग्रंथपाल बाईंना फोन लाव."

"ती म्हणेल, म्हातारपणी झेपत नाही तर घेता कशाला."

"म्हणू दे. तू तुझ्या बायकोचं ऐकतोस, तिचं ऐकायला काय हरकत आहे?"

त्याने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. आक्का भाजी निवडता निवडता दारापर्यंत आली. बाईंनी एकेक विचारलं. केबल? बदलली. दार? उघडं. लाइन? कडक.

"बरं काका, रिलेचं नाव काय ठेवलंय?"

"लोलक."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"कोणता लोलक?" बाई म्हणाल्या.

"कोणता म्हणजे? लोलक. माझा."

"काका, मला इथे लोलकांची रांगच दिसतेय. एक जिवंत आहे, याच आठवड्यातला. बाकी सगळे गेले. आधीचा गेल्या रविवारी गेला, त्याच्या आधीचा त्याच्या आधीच्या रविवारी. काका, तुम्ही रविवारी करता काय?"

"काही नाही," साडू म्हणाला. "सर्व्हिसिंग."

"म्हणजे?"

साडूने अभिमानाने सांगितलं. दर रविवारी आंघोळ करून तो यंत्रावरचं सगळं पुसून टाकायचा आणि पहिल्यापासून नवं भरायचा. अगदी पाटी कोरी. आठवडाभरात आत काय काय साचतं, कुणी सांगावं? आणि रेघ हलत नाही म्हटल्यावर तो जास्तच मन लावून पुसायचा.

मग बाई समजावून सांगायला लागल्या. प्रत्येक रिलेपाशी त्याची ओळख सांगणारी एक बारकी फाइल असते. नावं काय, दहा जणांची सारखी असतील. या सगळ्या रिलेंचं जाळं ओळखतं ते त्या फाइलवरून. ती पुसली, की समोरच्याच्या लेखी तो रिले मेला आणि त्याच पत्त्यावर कुणी नवाच राहायला आला. नव्याच्या हातात एकदम कुणी निरोप देत नाही. आधी थोडे देऊन बघतात, किती उचलतो ते मोजतात, टिकतो की पळतो ते पाहतात. असे आठवडे जातात, मग हळूहळू काम वाढतं. "आणि काका, जरा ओळख व्हायला लागली की तुम्ही त्याला आंघोळ घालता."

आक्का दारातून म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला नाही कधी पुसून नवं भरलं."

"तुझी सर्व्हिसिंग करायची माझी छाती नाही," साडू म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. "बाई, आता करायचं काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नेमकं काय काय?"

"उघडायचं नाही, पुसायचं नाही, बंद करायचं नाही. हात लावायचा नाही. बस."

मी घड्याळजी उपाशी पाहिलाय, तापाने फणफणलेला पाहिलाय, पण त्या रविवारी पाहिला तसा कधीच नाही. आंघोळ करून तो टेबलाशी गेला, आणि हात पाठीमागे बांधून परत आला. मग त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्या काढून धुतल्या. मिक्सर उघडला. शेजाऱ्याची सायकल विचारून उघडली, आणि दुसऱ्या शेजाऱ्याची न विचारता. माझी कवळी मी पाण्यात ठेवली होती, ती इतकी घासली, की पुढे आठवडाभर माझ्या तोंडून जे निघालं ते खरंच निघालं. फार अडचण झाली माझी.

पुढच्या रविवारी रेघेला कुठेतरी एक उंचवटा आला, आणि लगेच बसला. साडूच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुपारी आक्का कलंडली होती, मी खुर्चीत डोळे मिटून जागा होतो. साडू छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो, अर्थात थांबवायला नव्हे, बघायला.

आत सून होती. हातात टेप. कपाट कुठे बसेल ते भिंतीवर मोजत होती, आणि आम्हाला पाहून लाजली. मग तिची नजर स्क्रूड्रायव्हरवर गेली.

"बाबा, ते काय?"

"काही नाही गं. नुसतं वरचं झाकण. आत धूळ गेली असेल."

तिने नुसतं हं म्हणून तोंड फिरवलं असतं, तरी पुरे होतं. झाकण निघालं असतं, झाकणामागून पाटी कोरी झाली असती, थंडी तर सरतच आली होती, आणि कपाट तिने मोजलं होतं तिथेच लागलं असतं. हे तिलाही कळत होतं. टेपची पट्टी तिच्या बोटावर सटकन गुंडाळली गेली.

"हात खाली, बाबा," ती म्हणाली.

"तुला खोली नको?"

"हवी आहे. अशी नको. द्या तो इकडे."

साडूने स्क्रूड्रायव्हर दिला. घड्याळजीने हत्यार दुसऱ्याच्या हातात देणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिने तो केसांच्या अंबाड्यात खोचला आणि पुढचे सगळे रविवार तसाच बाळगला. तिच्याकडे येणाऱ्यांना वाटलं, उपचाराचाच भाग असेल.

रेघ पुन्हा उठली, बसली, आणि मग एकदा उठली ती बसलीच नाही. ग्रंथपाल बाईंनी फोन करून सांगितलं, की लोलक आता जाळ्यात नीट रुळला. कुणाचे, कुठले, कसले निरोप मागच्या खोलीतून धो धो वाहायला लागले, आणि साडूला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पंखे सुरू करून स्वेटर कपाटात टाकायचे की नाही, असा तो आठवडा होता. आक्काने सगळ्यांना बोलावून निकाल वाचला: थंडी अजून आहे, काम मिळालं आहे, खोली तुमची.

साडू मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. टेबलावर यंत्राचा दिवा लुकलुकत होता. त्याने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला.

"सूनबाई," तो म्हणाला, "तुझी माणसं उद्यापासून इथे बसव."

"पण बाबा, तुम्ही जिंकलात."

"म्हणूनच म्हणतो. मी इथे बसलो तर पुढचा रविवार याला दिसणार नाही. यंत्र फळीवर वर ठेव, माझा हात पोचणार नाही इतकं. आणि मला आत घेऊ नकोस. मी गोड बोलेन, तरी नको."

"आणि मग तुम्ही बसणार कुठे हो?" आक्काने विचारलं.

याचा विचार त्याने केला नव्हता.

आता तो त्या खोलीच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. आत शांतता असते. कुणीतरी एकेक शब्द उचलून पुढे ठेवत असतं. परवा नवाच आलेला एक गृहस्थ त्याच्या शेजारी येऊन बसला, आपली पाळी कधी येते ते बघत. जरा वेळाने त्याने धीर करून विचारलं, "तु-तुम्हीही बोलायला शि-शिकायला आलात का?"

"नाही हो," साडू म्हणाला. "मी हात लावायचा नाही, ते शिकतोय. बरीच प्रगती आहे." मग जरा वेळ त्याच्या मनगटाकडे बघून म्हणाला, "तुमचं हे घड्याळ कधी साफ केलंय?"