अकराच्या आधी

"नवऱ्याचं तोंड सलग दोन दिवस बघायचं, त्यापेक्षा दुकान बरं बाई!" बेरिल म्हणाली आणि कॅन्टीनमध्ये हशा पिकला.

म्युरियल हेग हसली नाही. तिचं लक्ष टेबलाच्या टोकाला बसलेल्या भावाकडे होतं. तपकिरी डगल्यातला क्लिफर्ड चहात बिस्कीट बुडवत होता. जणू चाललेल्या गोष्टीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

धाकटे पिकर्सगिल, म्हणजे जाइल्स, दाराशी उभे होते. हा मुलगा लहानपणी वडिलांबरोबर दुकानात येई, तेव्हा पडद्यांच्या कापडांच्या काउंटरखाली बसून म्युरियलच्या खिशातली टॉफी खाई. आता वडिलांच्या जागी तो मालक झाला होता आणि गेल्या वर्षभरात त्याचे केस कानांपाशी पांढरे झाले होते.

"यंदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेलासुद्धा आपण दुकान उघडतोय," तो म्हणाला. "सेल त्याच दिवशी सुरू होईल. सक्ती नाही. पण मोठ्या रस्त्यालगतच्या त्या नव्या मॉलसमोर लोक गेल्या वर्षी अंधारात रांग लावून उभे होते. आपलेच लोक, आपलीच गिऱ्हाइकं. आपण कुलूप लावून बसलो, तर उद्या कुलूप लावायलासुद्धा काही उरणार नाही."

"पगार दुप्पट ना?" चादरींच्या विभागातल्या डॉनाने विचारलं. तिला दोन लहान मुलं होती आणि नवरा नव्हता.

"दुप्पट."

"मग मी येते. नाताळचं कौतुक संपलं की माझ्या घरात रडारडच असते."

"आणि फुटबॉलची मॅच?" पुरुषांच्या कपड्यांकडचा सिडनी फुरंगटून म्हणाला. "नाताळ देवाचा, बॉक्सिंग डे माणसांचा. त्या दिवशी माणसानं थंड हॅम खावं, मॅच बघावी आणि मेव्हण्याशी भांडावं. लोकांना त्या दिवशी सोफे कशाला लागतात?"

"मेव्हण्याशी भांडून झाल्यावर बसायला!" बेरिल म्हणाली.

पुन्हा हशा. मग जाइल्सने वळून हळूच विचारलं, "क्लिफर्ड, तुम्ही? गाद्या नि पलंग गाडीवर चढवायला तुमच्याशिवाय कोण आहे?"

क्लिफर्डने कप खाली ठेवला. "येईन, साहेब."

म्युरियलने चमकून त्याच्याकडे पाहिलं. बॉक्सिंग डेला सकाळी अकरा वाजता तिचा भाऊ कुठे असतो, हे रेव्हनशॉमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रेव्हनशॉ हे टेकडीवरचं त्यांचं गाव. शहरापासून चालत तासाभराच्या वाटेवर. तिथे बॉक्सिंग डेला पबसमोरच्या चौकात तलवारींचा नाच होई. सहा नाचणारे आणि एक कप्तान. नाच कधीपासून चालू होता ते कुणालाच माहीत नव्हतं. म्युरियलच्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी खांद्यावर बसवून तो दाखवला होता. युद्धाच्या दिवसांत तरणे गडी बाहेर होते, तर म्हाताऱ्यांनी सांधे कुरकुरत असताना तो नाचला. बर्फाने दारं बुजली त्या वर्षी लोकांनी आधी चौक खणून काढला, मग घरांची दारं. नाच चुकला असं कधी झालं नाही. वडील गेल्यापासून कप्तानाची सशाच्या कातड्याची जुनी टोपी क्लिफर्डच्या डोक्यावर आली होती, आणि त्याच्यानंतर ती घालील असं गावात कुणी नव्हतं. पोरं शिकली आणि शहरांकडे गेली.

"तू बोलला का नाहीस?" घरी परतताना चढावर तिने विचारलं.

"काय बोलायचं?"

"नाच आहे म्हणायचं! जाइल्स काय वाघ आहे? टॉफी खायचा माझ्या खिशातली."

"दुकान बुडलं तर डॉनाची पोरं काय खातील?" क्लिफर्ड म्हणाला आणि गप्प झाला. वर्षभर तो असाच गप्प असे. लोकांच्या गाद्या पाठीवर वाहायच्या, दार उघडून धरायचं, बाजूला व्हायचं. दुकानात वीस वर्षं येणाऱ्या बायकांनासुद्धा त्याचं नाव सांगता आलं नसतं.

म्युरियलला वाटलं, हा माणूस वर्षातून एकदाच उभा राहतो, आणि तेवढंही आता जाणार.

नाताळच्या संध्याकाळी नाचणारे सहाही जण तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. बरोबर फिडल वाजवणारा नॉर्मनही होता. तिने डुकराचं मांस भरून भाजलेली पाई कापली, लाल कोबीचं लोणचं पुढे ठेवलं. पण कुणाचा हात उठेना. बॉक्सिंग डेला बस नसते, त्यामुळे मधल्या सुट्टीत क्लिफर्डने वर येऊन परत खाली जाणं शक्य नव्हतं.

"तुझ्यावाचून करायचा म्हणजे माझ्या डोक्यावर टोपी येणार," विल्फ डायसन म्हणाला. तो सहांतला पुढचा गडी. "मला कप्तानाचं गाणं येतं रे, पण माझा आवाज? मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यागत. लोक पळतील."

"दुपारनंतर केला तर?" कुणीतरी म्हणालं.

"दुकान सहापर्यंत आहे," म्युरियल म्हणाली. "मोजून सगळं आवरायचं म्हणजे सात."

शेगडीत कोळसा ढासळला. विल्फने टोपी उचलून मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. म्हातारा नॉर्मन खिडकीकडे बघत होता.

क्लिफर्डने लोणच्याचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. मग म्हणाला, "मी सकाळी सहाला निघणार. त्याआधी इथंच आहे."

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"पहाटे?" विल्फ म्हणाला. "बघायला कोण येईल, घुबडं?"

"बघणाऱ्यांसाठी करतो का आपण?" क्लिफर्डने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

विल्फने पाईचा एक तुकडा उचलला. मग पाई संपली, लोणचंही संपलं.

पहाटे म्युरियल कोटावर शाल घेऊन चौकात आली, तेव्हा दगडी फरशीवर दाट हिव पडलं होतं. पबच्या दारावर एकच दिवा होता आणि त्याच्या उजेडात सगळा चौक पीठ चाळून ठेवल्यासारखा पांढरा दिसत होता. एक पाऊल उमटलेलं नव्हतं. वर आभाळभर चांदण्या. ती भिंतीला टेकून उभी राहिली. बघणारी ती एकटीच.

सहा जण आले. अंगात तिनेच शिवलेले निळे डगले, पायांत लाकडी तळाचे, लोखंडी नाल मारलेले बूट. मागून तसेच बूट नि डोक्यावर टोपी घातलेला क्लिफर्ड आला. हातातली कामाच्या बुटांची पिशवी त्याने पबच्या पायरीवर ठेवली, चौकाच्या मधोमध गेला आणि गाऊ लागला.

म्युरियलने हे गाणं जन्मभर ऐकलं होतं, पण नेहमी गर्दीत, पोरांच्या कालव्यात. तो आवाज आज पहिल्यांदाच तिला सबंध ऐकू आला. तो क्लिफर्डचा नव्हता, वडिलांचाही नव्हता. तो त्या दोघांच्याही मागून, कुठून तरी फार लांबून येत होता आणि क्लिफर्ड फक्त दार उघडून बाजूला उभा होता.

नॉर्मनची फिडल सुरू झाली. सहा जणांनी रिंगण धरलं. प्रत्येकाच्या एका हातात स्वतःच्या तलवारीची मूठ, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या तलवारीचं टोक. नाल फरशीवर वाजू लागले. रिंगण वळलं, उलटलं, स्वतःच्याच आतून बाहेर पडलं, आणि एकही हात सुटला नाही. एवढ्या अंधारात त्यांना दिसत तरी काय होतं? ते बघून नाचत नव्हतेच. तोंडातून निघणारी वाफ दिव्याच्या उजेडात वर चढत होती आणि वाटत होतं, सात माणसं नाहीत, एकच मोठं जनावर श्वास घेतंय.

म्युरियलने मान वळवली. बेकरीवरची खिडकी उजळली होती. मग तिच्या शेजारची. मग समोरची. बिऱ्हाडांची दारं उघडली; माणसं झोपेच्या कपड्यांत, खांद्यावर पांघरूण घेऊन उंबऱ्यावर आली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हाक मारली नाही. तान्ही पोरंसुद्धा आयांच्या कडेवर डोळे मोठे करून बघत राहिली.

शेवटी सहा तलवारी एकमेकींत गुंफून त्यांचा तारा झाला. क्लिफर्ड त्याखाली गुडघ्यावर बसला आणि तारा त्याच्या गळ्याभोवती उतरला. म्युरियलने श्वास रोखला. लहानपणी वडिलांच्या वेळी ती इथेच किंचाळायची. सहा जणांनी एक फेरी घेतली आणि एकदम तलवारी खेचल्या. पोलाद करकरलं, टोपी उडून हिवात पडली. क्लिफर्ड मेला, दरवर्षी मरायचा तसा. क्षणभर चौकात काहीही हललं नाही. मग तो उठला, ताठ, आणि त्याच्या उघड्या डोक्यावर चांदणं पडलं. म्युरियलला कळेना आपण का रडतोय.

"चल," तो तिच्यापाशी येऊन म्हणाला. "उशीर होईल."

वळणावरून तिने मागे पाहिलं. पांढऱ्याशुभ्र चौकात एक काळं गोल रिंगण उमटलं होतं.

कामाचे बूट पायरीवरच राहिले, हे निम्मा उतार संपल्यावर लक्षात आलं. क्लिफर्ड नुसताच म्हणाला, "असू दे."

दुकान उघडलं तेव्हा बाहेर रांग होती. जाइल्सच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग चढला. डॉना हातातल्या चादरी सावरत पळत होती, बेरिल गिऱ्हाइकांवर खेकसत होती आणि खुशीत होती. दुकान उघडायला नको होतं असं म्युरियलच्यानेही म्हणवेना. फक्त त्या सगळ्या गलक्यात, लाकडी जमिनीवर, मधूनमधून नाल वाजत होते.

"क्लिफर्ड, हे पायात काय?" जाइल्सने विचारलं.

"बूट विसरलो, साहेब."

जाइल्स त्या नालांकडे बघत राहिला. मग त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. अकरा वाजत आले होते. "लहानपणी बाबा मला रेव्हनशॉला न्यायचे," तो हळूच म्हणाला. "यंदा... नाचाचं काय?"

"झाला, साहेब," क्लिफर्ड म्हणाला आणि गादी पाठीवर घेऊन निघाला. बायका आपसूक बाजूला झाल्या. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी दोघं भावंडं चढ चढून आली, तेव्हा विल्फ पबच्या दाराशी उभा होता.

"अकराला बाहेरगावचे लोक आले होते गं म्युरियल," तो म्हणाला. "पोरांना खांद्यावर घेऊन. आम्ही म्हटलं, झाला. तर जाईनात. त्या रिंगणाभोवती उभे राहिले, गपचूप. एकानंसुद्धा आत पाय टाकला नाही. ऊन आल्यावर भोवतीचं हिव विरघळून ते पुसलं, तेव्हा गेले."

चौकात आता पुन्हा हिव धरू लागलं होतं. सगळीकडे सारखंच, पांढरं, कोरं.

क्लिफर्डने पायरीवरची पिशवी उचलली. आतले बूट गारठून दगडासारखे कडक झाले होते.

"बदल इथंच. बसून घे," म्युरियल म्हणाली. "पाय सुजले असतील तुझे."

"घर आलंच की," तो म्हणाला, आणि बूट हातात घेऊन पुढे चालू लागला. गल्लीच्या टोकाला तो दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ नालांचा आवाज येत होता.