सही न घेता निघालेला पानडबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानडबा आहे, आणि माझी हकीगत मी तुम्हाला एका बंद खोक्यातून सांगत आहे. खोके पुठ्ठ्याचे आहे. त्याच्या प्रत्येक कडेवर तपकिरी चिकटपट्टी आहे, आत थर्माकोलचे तुकडे आहेत आणि त्यांच्या मधोमध मी आहे. बाहेर जालन्याच्या स्टेशन रोडवरचे एक संगणकाचे दुकान आहे. तिथल्या पंख्यांची घरघर आणि कळफलकांची टकटक मला दिवसभर ऐकू येते. दिसत मात्र काहीच नाही. मी चोरीचा माल नाही, फुटलेला नाही, कुणाला नकोसाही झालेलो नाही. तरीही मी इथे कोंडलेला आहे.

मला १९५८ साली जालन्याच्या जुन्या बाजारातल्या एका तांबटाने घडवले. गोल बैठक, घुमटासारखे झाकण, झाकणावर वेलबुट्टी, आत कात, चुना, सुपारी, लवंग यांसाठी सात लहान वाट्या आणि त्यांच्यावर ओल्या फडक्यात पाने ठेवायची थाळी, असे माझे रूप होते. मी एका मुलीच्या लग्नासाठी तयार झालो होतो. तिचे नाव जुबेदा. तांबटाने माझ्या बुडाशी ते नाव उर्दू अक्षरांत कोरले. निकाहच्या दिवशी काढलेल्या छायाचित्रात जुबेदा मान खाली घालून बसली आहे, आणि तिच्यापुढच्या चौरंगावर मी नवा, चकचकीत, तिच्याहून धीट दिसतो.

ती माझी उमेदीची वर्षे होती. जुबेदाचे पती कापडाच्या दुकानात मुनीम होते आणि त्यांच्याकडे माणसांचा राबता मोठा होता. आलेला माणूस माझे झाकण उघडल्याशिवाय जात नसे. शेजारी पोस्टात काम करणारे रामराव राहत. ते रोज संध्याकाळी टपालाचा हिशेब मिटवून येत आणि ओसरीवर बसता बसता म्हणत, "भाभी, आज काताला हात आखडू नका. दिवसभर शिक्के मारून तोंड कोरडं पडलंय." जुबेदा हसून माझी तिसरी वाटी पुढे सरकवत असे.

१९८१ साली जालना जिल्हा झाला, त्या दिवशी घरात पाहुण्यांची इतकी गर्दी उसळली की मला या हातातून त्या हातात फिरावे लागले. जुबेदाचा नऊ वर्षांचा मुलगा जहांगीर मला घेऊन धावला आणि दाराच्या दगडी पायरीवर पडला. त्याचा गुडघा फुटला, माझ्या कडेला पोचा आला. त्याचा गुडघा बरा झाला. माझा पोचा तसाच राहिला.

पुढे काळ बदलला. रस्त्यावर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. दात गेल्यावर जुबेदानेही पान सोडले. तिचे पती वारले. माझ्यातली कल्हई उडाली, आणि माझ्या वाट्यांत गुंड्या, टाचण्या आणि दोऱ्याची रिळे आली. गुंड्यांबद्दल माझी तक्रार नव्हती. झाकण निदान रोज उघडत होते.

जहांगीर मोठा झाला आणि त्याने स्टेशन रोडवर हे दुकान काढले. २००४ च्या सुमारास त्याला इंटरनेटवरच्या लिलावाची माहिती झाली. घरोघरी माळ्यावर पडलेली जुनी पितळी भांडी तो घासूनपुसून, फोटो काढून लिलावाला ठेवी. परदेशातली माणसे त्यांवर बोली लावत. भोकरदन, परतूर, अंबडकडची माणसे त्याच्याकडे विश्वासाने वस्तू आणून देत. केदारखेड्याच्या साळूबाईंनी तर आपली समई पदरात गुंडाळून आणली होती. "कागद कशाला देतो, पोरा? तुझ्या अम्मीला मी वळखते," असे म्हणून त्यांनी पावतीसुद्धा घेतली नव्हती. दोन वर्षांत जहांगीरच्या खात्यावर दीडशे गिऱ्हाइकांनी चांगला शेरा दिला. तेच त्याचे भांडवल होते.

रामराव आता निवृत्त झाले होते आणि दुपारभर दुकानात बसत. परदेशात माल पाठवताना विक्रेत्याचे रक्षण करणारा एक नियम त्या संकेतस्थळावर होता. जहांगीरने तो मराठीत समजावून सांगितला, आणि रामरावांनी तो पोस्टाच्या वळणदार अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगला. पैसे भरताना गिऱ्हाइकाने दिलेल्या पत्त्यावरच पार्सल जावे, त्याचा माग काढता येईल असा क्रमांक असावा, आणि महाग वस्तू असेल तर दारात सही घेतली जावी. एवढे केले तर उद्या कुणी "माल मिळालाच नाही" म्हटले तरी विक्रेत्याचे पैसे आणि खाते सुरक्षित राहते. यातले एक जरी चुकले तरी सगळे रक्षण संपते.

२००६ साली जहांगीरने माझ्याकडे पाहिले. तो भीतभीतच आईजवळ गेला आणि मला लिलावाला ठेवू का, असे त्याने विचारले. जुबेदाने माझ्या झाकणावरून हात फिरवला. मग तिने विचारले, "घेणारा वापरणार हाय, का काचेच्या कपाटात ठेवणार हाय?"

लिलाव सात दिवस चालला. पोच्याचा वेगळा फोटो जहांगीरने आवर्जून टाकला होता. कॅनडातल्या टोरांटोच्या नूरबी नावाच्या बाईंनी मला घेतले. त्या मूळच्या हैदराबादच्या. मुलीच्या लग्नात पाहुण्यांपुढे ठेवायला त्यांना पानदान हवे होते. हे ऐकून जुबेदाने गुंड्या काढल्या, मला चिंचेने घासले आणि सातव्या वाटीत नवरीसाठी शकुनाची एक सुपारी ठेवली. "जा," ती म्हणाली, "लग्नाला जा."

रामरावांनी स्वतः मला खोक्यात बसवले. चिकटपट्टीचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाणार होतो. त्याच सकाळी नूरबींचा फोन आला. लग्नाला दोनच आठवडे उरले होते. त्यांचे दीर बदरोद्दीन औरंगाबादला आले होते आणि शनिवारी परत निघणार होते. ते जालन्याला येऊन मला घेऊन जातील, असे त्यांनी सुचवले.

"बराबर न्हाई हे," रामराव म्हणाले. "टपालानं गेलं तरच राखण. हातोहात दिलं तर तुझ्याकडं काय राह्यलं?"

"काका, घरातलाच माणूस हाय त्यांच्या."

"माणूस भला असंल. पण त्या लिलावाच्या कंपनीला माणूस दिसत न्हाई, जहांगीर. तिला नंबर दिसतो."

स्वयंपाकघरातून जुबेदा म्हणाली, "रामरावभाऊ, आपल्याकडं चीज येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातीच जाते. माझं लोणचं आजवर हैदराबादला कोणत्या पोस्टानं गेलं?"

बदरोद्दीन आले. मी बंद खोक्यात होतो, पुढचे मला जुबेदाने नंतर सांगितले. जुबेदाने दालचा-खाना केला होता. ते भरपेट जेवले, कौतुक करत राहिले. रामरावांच्या खिशात एक कागद तयार होता. 'पानडबा मिळाला' एवढेच त्यावर लिहिले होते. कंपनीचा नियम त्याने पुरा होणार नव्हता, पण काहीतरी पुरावा राहिला असता. त्यांनी तो अर्धा बाहेर काढला आणि जुबेदाची नजर त्यांच्या हातावर पडली.

"भाऊ," ती हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या दस्तरखानावरून उठलेल्या माणसाकडून सही मागता? तो काय समजंल आपल्याला?"

रामरावांनी जहांगीरकडे पाहिले. जहांगीरने मान खाली घातली. कागद खिशात परत गेला. मित्रांनो, त्या घरात कुणी लबाड नव्हते. अदब सांभाळताना एक सही राहून गेली, इतकेच.

मुंबईच्या विमानतळावर माझे खोके उघडले गेले. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हा कायदा आहे. मी तितका जुना नाही असे सांगणारा कागद मात्र बदरोद्दीनांकडे नव्हता. अधिकाऱ्यांनी सातव्या वाटीतली सुपारी उचलून पाहिली, परत ठेवली आणि सांगितले, "तज्ज्ञाला दाखवावे लागेल. तोपर्यंत इथे ठेवतो. ही पावती." विमानाची वेळ झाली होती. बदरोद्दीनांनी पावती कोटाच्या खिशात कोंबली आणि ते धावले. त्यांनी एकदा मागे वळून पाहिले. मग माझे खोके पुन्हा चिकटवले गेले.

त्यानंतर चौदा महिने मी एका गोदामातल्या फळीवर होतो. माझ्या डाव्या बाजूला एक हुक्का होता, उजव्या बाजूला कसल्याशा मूर्तीची पेटी. आम्हाला कुणी वाईट वागवले नाही. आम्हाला कुणी वागवलेच नाही. मुंबईच्या दमट हवेने माझ्या अंगावर हिरवट डाग चढले. लग्न झाले असेल, वरात गेली असेल, असे दिवस मी मोजत होतो. आणि मला ठाऊक नव्हते की याच दिवसांत जालन्यात माझ्यावाचून जहांगीरची अडचण झाली होती.

ते मला पुढे जुबेदाकडूनच कळले. आपण वस्तू सोडून आलो, हे वहिनीला सांगायची बदरोद्दीनांना लाज वाटली. "त्या लोकांचं तयार नव्हतं, पोस्टानं पाठवतो म्हणाले," असे ते बोलून गेले, आणि एकदा बोलल्यावर तेच धरून बसले. नूरबींनी महिनाभर वाट पाहिली आणि तक्रार केली. कंपनीने जहांगीरला दहा दिवसांत पार्सलचा क्रमांक कळवायला सांगितले. त्याने लिहिले की वस्तू नूरबींच्या दिरांच्या हाती दिली. दीर नाही म्हणाले. पैसे परत गेले, जहांगीरचे खाते बंद झाले, आणि त्याच्या नावापुढे न पाठवलेल्या मालाचा शेरा लागला.

लिलावात असलेली सगळी भांडी अडकली. एके दिवशी साळूबाई दुकानात आल्या. बसल्या नाहीत. "पोरा, माझी समई हाये ना जाग्यावर?" त्यांनी विचारले. जहांगीरने समई काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती वर-खाली पाहिली, पदरात गुंडाळली आणि दारात थांबून म्हणाल्या, "तसं न्हाई रे. लोकं बोलून राह्यले, म्हणून आले." जहांगीर त्या दिवशी जेवला नाही, असे जुबेदाने मला सांगितले.

चौदा महिन्यांनी बदरोद्दीन पुन्हा औरंगाबादला आले आणि एका दुपारी जुबेदाच्या दारात उभे राहिले. त्यांनी कोटाच्या खिशातून मळकी पावती काढली. "भाभी, मला माफ करा," एवढेच ते म्हणाले.

जुबेदाने त्यांना आत घेतले, बसवले आणि पाणी दिले. मग ती फळीपाशी गेली आणि कागद व पेन घेऊन आली. "भाईसाब, जे झालं ते सगळं लिहा. खाली सही करा. मंग चहा टाकते."

रामराव कोपऱ्यात बसले होते. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

तो कागद, ती पावती, जुबेदाचा निकाहनामा आणि ते जुने छायाचित्र घेऊन जहांगीर आणि रामराव मुंबईला आले. तज्ज्ञाने माझ्या बुडाशी कोरलेले नाव निकाहनाम्यातल्या नावाशी ताडून पाहिले, छायाचित्र पाहिले आणि शिक्का मारला. मी सुटलो.

खरेच सुटलो का? बदरोद्दीनांचा कागद वाचून कंपनीने कळवले की मुदत संपल्यामुळे पैसे मिळणार नाहीत, मात्र खाते पुन्हा सुरू करता येईल. नूरबींनी माफीचे लांब पत्र लिहिले. त्यांच्या मुलीच्या लग्नात दुसरेच पानदान ठेवले गेले होते. साळूबाईंनी समई पुन्हा आणून दिली, या खेपेला स्वतः पावती मागून घेतली, आणि ती समई क्रमांकासह कुठल्याशा दूरच्या गावी पोचलीही.

मला मात्र जहांगीरने उघडले नाही. मुंबईहून आलेल्या त्याच खोक्यात त्याने मला दुकानातल्या फळीवर ठेवले, रामरावांच्या पुठ्ठ्याच्या अगदी खाली. कुणी म्हणाले, "अरे, माझा साडू दुबईला चालला, त्याच्याच हाती दे ना," की जहांगीर हातातले काम थांबवतो. तो नुसता बोटाने माझ्याकडे दाखवतो. माणूस खोक्याकडे पाहतो, रामरावांकडून हकीगत ऐकतो आणि मुकाट्याने पत्ता लिहून देतो. असा मी धडा झालो आहे. दोन वर्षे झाली.

मित्रांनो, पानडबा धडा होण्यासाठी जन्मत नाही. तुमच्या हाती कुणी आपली वस्तू सोपवली, तर ती पोचल्याची सही जरूर घ्या. सही मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास नव्हे. ती दोघांनाही सांभाळते, आणि वाटेत वस्तू अडली तर तिलाही सोडवते. पण चूक समजल्यावर ती दुरुस्त करा आणि पुढे चला. जिच्या बाबतीत चूक झाली, त्या वस्तूला जन्मभर बांधून ठेवू नका. पितळेला हात लागत राहिला तरच ते उजळ राहते.

दर शुक्रवारी जुबेदा दुकानात येते. तिचा हात खोक्यावर टेकतो, तेव्हा पुठ्ठ्यातूनही मला तो ओळखू येतो. "बेटा, आता तरी खोल त्याला," ती म्हणते. "रामरावभाऊंना किती दिवसात पान दिलं न्हाई."

"राहू दे, अम्मी. तो समोर असला की माझ्या ध्यानात राहतं."

"तुझ्या ध्यानात राह्यलं, बेटा. बिलकुल राह्यलं."

मग जहांगीर खोके उचलतो आणि हळूच हलवतो. माझ्या सातव्या वाटीत नवरीसाठी ठेवलेली सुपारी खुळखुळते. तो आवाज संपेपर्यंत तो थांबतो. त्याचा अंगठा चिकटपट्टीच्या सुटलेल्या टोकावर येतो, क्षणभर तिथेच राहतो. आणि तो मला पुन्हा फळीवर ठेवतो.