थंड दूध घे आणि पड

रजनीला फजच्या कारखान्यात लागून अठरा वर्षं झाली होती आणि त्यातली बारा वर्षं तरी तिथली शेवटची चव तिची होती. दुकान लोणावळ्याच्या बाजारात, त्याच्याच मागे कारखाना. कारखाना म्हणजे तीन मोठ्या कढया, दोन लांब टेबलं आणि सात बायका. मिश्रण कढईतून उतरलं की रजनी चमच्याच्या टोकाने एवढंसं जिभेवर घेई, डोळे मिटून थांबे आणि "ओता" म्हणे. तिने "ओता" म्हटल्याशिवाय ट्रेमध्ये काही पडत नसे.

यंदा शेठच्या डोक्यात पुदिन्याच्या चवीचं चॉकलेट फज शिरलं होतं. दिवाळीच्या आत ते जमलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. पुदिना एकदा जास्त होई, एकदा कमी, एकदा दंतमंजनासारखा लागे. रोज नवं प्रमाण, रोज नवी कढई. रजनीच्या पोटात चाखता चाखता दिवसभरात किती चॉकलेट, किती लोणी गेलं याची मोजदाद कुणी ठेवत नव्हतं. जिभेवरचा गोडवा मारायला ती चहा घेई. डबा तसाच राही आणि मग संध्याकाळी घरी जाऊन भूक भागेपर्यंत जेवणं आणि लगेच आडवं होणं.

श्रावणात एका दुपारी ती खालच्या फळीवरचा ट्रे उचलायला वाकली, तर पोटातून काहीतरी तापलेलं वर चढलं. छातीच्या मधोमध आग पेटली आणि घशापर्यंत गेली. तोंडात आंबट पाणी आलं. टेबलाची कड घट्ट धरून ती सरळ झाली. शेजारी तेजल, कारखान्यातली सगळ्यात नवी मुलगी, तुकडे कापत होती. तिचं लक्ष नव्हतं.

रजनीच्या मनात एकच शब्द आला, ताई.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी तळेगावहून ताईचा फोन आला होता. छातीत जळजळतंय गं, म्हणाली होती. काय खाल्लंस, असं रजनीने विचारलं. सकाळी साबुदाणा खिचडी, वर दोन वडे, ताई म्हणाली. कढईत पाक होता, तो उतरायला आला होता, रजनीने फोन कान आणि खांद्यात धरला होता. "ॲसिडिटी आहे ती ताई. थंड दूध घे आणि पड जरा. संध्याकाळी फोन करते," असं सांगून तिने फोन ठेवला. संध्याकाळी फोन आला तो भाऊजींचा. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले.

त्या फोनबद्दल रजनी कुणाशीही बोलली नव्हती. नवऱ्याशी, गोपाळकृष्णांशीही नाही. ताईच्या दिवसांत बायका "शेवटचं बोलणं झालं होतं का तुमचं?" असं विचारत, तेव्हा ती मान हलवी आणि स्वयंपाकघरात जाई.

आता तीच जळजळ तिच्या छातीत येऊ लागली. आधी दिवसाआड, मग रोज. वाकलं की यायची, जेवून आडवं झालं की यायची. तोंडातलं आंबट पाणी जावं म्हणून ती पेपरमिंटच्या गोळ्या चघळू लागली, पदराच्या टोकाला बांधलेल्याच असत. त्याने क्षणभर गार वाटे आणि पुन्हा तेच. दूध मात्र तिने तोंडाला लावलं नाही. दुधाचं भांडं दिसलं की ती तोंड फिरवी.

ती मनगट धरून नाडी मोजू लागली. डावा हात दुखतोय का, हे बघायला पुन्हा पुन्हा खांदा दाबू लागली. मग दाबून दाबून तो खरंच दुखू लागला. दवाखान्याच्या दारावरून ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पुढे निघून गेली. आत गेले आणि त्यांनी आजाराचं नाव घेऊन सांगितलं, तर? त्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटे. का बरं वाटे ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

फजची प्रमाणं तिने कधी लिहून ठेवली नव्हती. आता एका दुपारी तिने तेजलला जवळ बसवलं आणि एकेक सांगून वहीत उतरवून घ्यायला लावलं. अक्रोडाचं, आंब्याचं, साधं चॉकलेटचं. तेजल हसत म्हणाली, "काकू, आज एकदम काय? कुठं निघालात का?"

"लिही तू," रजनी म्हणाली. बोलताना तिचा आवाज बसला. घसाही हल्ली सकाळी खरखरत असे.

विठाबाईच्या नजरेतून मात्र हे सुटलं नाही. विठाबाई कामशेतजवळच्या खेड्यातून रोज येई, कढयांखालचा गॅस आणि घासपूस तिच्याकडे. एकदा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, लय दिस बगतेय, तुमचा हात सारका छातीवर जातोय. पित्त झालं आसंल. वाईच थंड दूध घ्या आन् पडा घटकाभर."

रजनी ताडकन उठली. "तुम्ही डॉक्टर आहात का? माहीत नसताना कशाला सांगायचं दुसऱ्याला?"

सगळ्या बायका वळून बघू लागल्या. विठाबाई पदर खोचून कढया घासायला निघून गेली आणि त्या दिवशी पुन्हा रजनीशी बोलली नाही.

पितृपक्षात ताईची तिथी होती. गोपाळकृष्णांचा गुडघा धरला होता, म्हणून रजनी एकटीच तळेगावला गेली. भाऊजींनी सगळं रीतसर केलं होतं. वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. नाही म्हणायची सोय नव्हती. ताईच्या नावाचं जेवण. वाढणारी आग्रह करत होती, रजनी जेवत होती. जेवणं झाल्यावर अनुष्का, ताईची मुलगी, म्हणाली, "मावशी, किती दमलेली दिसतेस. आत पड थोडी."

आतली खोली ताईची. रजनी कॉटवर आडवी झाली आणि पाच मिनिटांत छातीत आग उसळली. आजवर आली नव्हती एवढी. घशाशी आलं, ठसका लागला, अंगाला घाम फुटला. ती उठून बसली, दोन्ही हातांनी चादर मुठीत धरून. आता आलं, तिला वाटलं. याच घरात, याच कॉटवर.

अनुष्का दारात आली. तिने मावशीचा चेहरा बघितला. "चप्पल घाल," एवढंच म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलली.

दवाखान्यात लगेच ईसीजी काढला, रक्त घेतलं, ब्लडप्रेशर बघितलं. "रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, मग थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढू," असं सांगून नर्स गेली. पडद्यामागच्या खाटेवर रजनी उशाला टेकून बसली होती. अनुष्का स्टुलावर. भिंतीवरचं घड्याळ रजनीला वाचता येत होतं, पण वेळ कळत नव्हती.

"अनू," ती म्हणाली, "मला काही सांगायचंय. आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल."

"राहून काही जात नाही. बोल."

"त्या दिवशी तुझ्या आईने मला फोन केला होता. छातीत जळजळतंय म्हणाली. मी तिला थंड दूध घेऊन पडायला सांगितलं. मी तिला डॉक्टरकडे जा म्हटलं नाही. माझ्या कढईत पाक होता."

अनुष्का म्हणाली, "मला माहीत आहे, मावशी. मी तिथंच होते. फोन ठेवल्यावर तिने मला दूध मागितलं. फ्रीजमधून काढून पेल्यात ओतून मीच दिलं. आणि झोप म्हणाले, आणि दार लोटून घेतलं. तिची झोप मोडू नये म्हणून."

रजनीने तिच्याकडे बघितलं. तीन वर्षं दोघी दर सणाला भेटत होत्या, एकमेकींना डबे देत होत्या.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. तू काकांना?"

"नाही."

दोघींपैकी कुणी रडलं नाही. अनुष्काने स्टूल खाटेच्या जवळ सरकवलं आणि मावशीचा हात आपल्या मांडीवर घेतला. रिपोर्ट येईपर्यंत तो तिथंच होता.

रिपोर्ट चांगले होते. दुसरा ईसीजीही तसाच. डॉक्टर चाळिशीतल्या बाई होत्या, बोलायला सावकाश. "आलात ते उत्तम केलंत," त्या म्हणाल्या. "छातीत असं झालं की घरी बसून ठरवायचं नाही, आधी हृदय तपासायचं. ते आज ठीक दिसतंय. पुढच्या आठवड्यात चालवून एक तपासणी करू, म्हणजे तुमचीही खात्री पटेल. आता मला सांगा, तुम्ही दिवसभरात काय खाता?"

"विशेष काही नाही. चपाती-भाजी."

"आणि काम काय करता?"

रजनीने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चॉकलेट, लोणी, पुदिना, चहा. रिकाम्या पोटी. दिवसाला किती वेळा?"

"असेल... चाळीस-पन्नास वेळा."

"वर पेपरमिंटच्या गोळ्याही," तिच्या पदराची गाठ दाखवत अनुष्का म्हणाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं एक झडप असते. बऱ्याच लोकांत चॉकलेट, पुदिना, तेलातुपाचं यांनी ती सैल पडते, मग आम्ल वर येतं. जेवून लगेच आडवं झालं, वाकलं, की आणखी येतं. गोळी गार वाटत होती, पण तीच झडप सैल करत होती. महिनाभर औषध. जेवण थोडं थोडं आणि वेळेवर, झोपायच्या तीन तास आधी शेवटचं. कॉटच्या उशाकडच्या पायांखाली विटा. आणि काय खाल्ल्यावर किती जळजळलं ते रोज लिहायचं, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. "आवाज बसतो, तोही यानेच असेल. महिन्याने बघू, तसाच राहिला तर घसाही तपासू."

रजनीचा विश्वास बसला नाही. ताईलाही असंच वाटलं होतं की नुसती ॲसिडिटी आहे. पुढच्या आठवड्यात तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर चालताना ती दर पावलाला आता पडणार म्हणून वाट बघत होती. पडली नाही. तोही रिपोर्ट चांगला आला. तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिथं मात्र तिला रडू आलं. त्या संध्याकाळी तिने गोपाळकृष्णांना फोनची सगळी हकीकत सांगितली. ते गुडघा सावरत उठले आणि कॉटखाली घालायला परसातून विटा घेऊन आले.

शेठला तिने सांगितलं, "मी आता चाखणार नाही." ते गडबडले, ऐन दिवाळीत असं कसं म्हणाले. रजनीने तेजलला पुढे केलं. तेजल चाखायची, रजनी विचारायची, जीभ आधी गार पडते की गोड लागतं? गोडाच्या आधी गार पडत असेल तर पुदिना जास्त आहे. तिसऱ्या दिवशी तेजलने डोळे उघडले आणि जरा घाबरतच "ओता" म्हणाली. मिश्रण ट्रेमध्ये पडलं.

विठाबाईला गाठून रजनीने आपल्या त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, आणि तसं का बोलली तेही थोडक्यात सांगितलं. विठाबाई ऐकत होती. "मला काय ठावं, बाई," ती म्हणाली. "आमच्यात समदी तसंच म्हंत्यात." मग म्हणाली, "तुळशीचं लगीन झाल्याव पोरीचा साखरपुडा हाय. यायचं."

रजनी गेली. कामशेतला मांडवात मसालेभात, वांग्याची झणझणीत भाजी, भजी. तिने जपून घेतलं, पण विहीणबाईंनी दोन गुलाबजाम वाढले आणि वर चहा दिला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर छातीत ओळखीची ऊब चढू लागली. सगळे रिपोर्ट माहीत असूनही तळहात ओले झाले. तिने अनुष्काला फोन लावला.

"होतंय मला."

"कसं? कुठं सरकतंय का? हातात, जबड्यात?"

"नाही. मधोमध. आंबट येतंय."

"घाम? धाप?"

"तळहातांना फक्त. ते भीतीनं."

"काय खाल्लंस?"

रजनीने सगळं सांगितलं, चहासकट.

"सरळ बस, वाकू नको. पाणी घोटघोट घे. पंधरा मिनिटांत उतरलं नाही, किंवा काही वेगळं वाटलं, तर जिथं असशील तिथं उतर, डॉक्टरकडे जा. मी निघतेच. फोन ठेवू नकोस."

"मग बोल काहीतरी."

अनुष्का बोलत राहिली. ऑफिसमधलं, बाबांनी पहिल्यांदा केलेल्या पिठल्याचं. मध्येच म्हणाली, "परवा मी बाबांना सांगितलं, दुधाचं."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. पिठलं अजून वाढू का, असं विचारलं."

रजनीने घोटभर पाणी घेतलं. लोणावळ्याच्या अलीकडचं वलवण येईपर्यंत आग बरीच खाली उतरली होती. पुरती गेली नव्हती. उतरायची वेळ झाली तेव्हा तिने पिशवी उचलली, पण फोन तसाच कानाला धरून ठेवला.