नववं गाणं

"चौथं गानं तेवढं वाजनार. बाकीची आठ तू घरी बसून ऐक," स्टॅनीनं बजावलं आणि कॅसेट सरळ बँडमास्तरच्या खिशात कोंबली.

"सगळी वाजव, नायतर एकपन नको," आलोशियस म्हणाला. "दादा, ते एकटं वाजलं ना, तर तुझ्या टँकरचं कौतुक होतं."

"मग होऊ दे की! पोरगी माझी, लगीन माझ्या घरचं. तुझ्या पोटात का दुखतंय?"

मांडवातले पाहुणे फिदीफिदी हसले. आलोशियसच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. दिवसभर नटबोल्ट, संध्याकाळी गिटार. विसाव्या वर्षी मुंबईच्या एका मित्राकडे त्यानं परदेशी रॉक बँडची एक तबकडी ऐकली होती. दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट! पहिल्या गाण्यातली हाक शेवटच्या गाण्यात परत यायची, आणि मधलं एक जरी गाळलं तरी ती हाक कुणाची ते कळायचं नाही. इंग्रजी अर्धंमुर्धंच कळलं. पण सुई उचलेपर्यंत हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. असलं काहीतरी आपल्या बोलीत करायचं, हे खूळ त्याच दिवशी डोक्यात शिरलं आणि पुढं वीस वर्षं मुक्कामाला राहिलं.

गोष्ट मात्र भावानं पुरवली. बापानं खणलेली विहीर दोघांच्या सामाईक वाडीत होती. स्टॅनीनं तिच्यावर मोटर बसवली आणि आचोळ्याच्या नव्या बिल्डिंगींना टँकरनं पाणी विकायला सुरुवात केली. आलोशियस भांडला, पंचांकडे गेला, कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग आवाज घुमू नये म्हणून त्यानं घरातल्या भिंतींना गोधड्या टांगल्या, कारखान्यातल्या रामनाथला ड्रमवर बसवलं आणि एक्क्याण्णव साली विहिरीची गोष्ट नऊ गाण्यांत कॅसेटवर भरली. पहिल्यात बाप खणतो. चौथ्यात टँकरवाला स्वतःची फुशारकी मारतो. ते गाणं त्यानं मुद्दाम झोकात केलं होतं. ऐकणाऱ्याचे पाय थिरकले पाहिजेत, आणि पाचव्यात केळी करपल्या की त्याच पायांची त्याला लाज वाटली पाहिजे. नवव्यात तर गाणंच नव्हतं. रहाटाची कुरकुर, सुटणारा दोर, आणि शेवटी कळशी खडकावर आपटल्याचा आवाज. तेव्हा विहिरीत पाणी होतं, म्हणून धुण्याच्या दगडावर कळशी आपटून आवाज भरला. कळशीला पोचा आला म्हणून त्याच्या बायकोनं, रोझमेरीनं, आठवडाभर त्याचं डोकं खाल्लं.

आणि गावानं काय करावं? कॅसेट घालायची आणि फॉरवर्डचं बटण दाबायचं, थेट चौथ्यावर! नामकरणात चौथं, लग्नात चौथं. स्टॅनीचे ड्रायव्हर तर ते केबिनमध्ये लावून फिरायचे. आलोशियसला वाटायचं, एकेकाला खुर्चीला बांधून नऊच्या नऊ ऐकवावीत.

आता सहा वर्षांनी स्टॅनीच्या मुलीचं, प्रिस्काचं लग्न होतं. आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी घरच्याच विहिरीवरून वाजतगाजत आणायचं, आणि दोर नवरीच्या काकानं धरायचा, ही या घरची रीत. पण मे महिना, विहिरीनं कधीच तळ दाखवलेला. व्याह्यांसमोर नाक कापलं जाऊ नये म्हणून स्टॅनीनं सकाळी दोन टँकर विहिरीत रिकामे केले.

"कोरडा तळ सगळं पानी पिऊन टाकील, दादा. संध्याकाळपर्यंत थेंब ऱ्हानार नाय," आलोशियस म्हणाला होता.

"अपशकुन्या! दोर धर, आनि तोंड बंद ठेव!"

चार वाजता मिरवणूक निघाली. पुढे चौथं गाणं कर्कश वाजत होतं, टँकरवाल्याच्या फुशारकीवर म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा नाचत होत्या. प्रिस्का तेवढी नाचत नव्हती. आलोशियस दातओठ खात चालला होता.

विहिरीच्या काठाला केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. आत काळोख होता. पाणी शेंदताना वाजवायचं नाही, म्हणून बँड थांबला. प्रिस्कानं काकूची तीच पोचा आलेली कळशी दिली. आलोशियसनं ती दोराला बांधून खाली सोडली. रहाट कुरकुरला. दोर सुटत राहिला, सुटतच राहिला. कळशी बुडून हाताला ओढ बसेल म्हणून तो वाट बघत होता. अरे, लाग की पाण्याला! पोरीच्या लग्नाला तरी लाग!

ठण्ण.

कडेवरचं एक मूल तेवढं किरकिरलं.

"काका," प्रिस्का हळूच म्हणाली, "हे शेवटचं ना? नववं?"

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. "तू... सगळी ऐकलीस?"

"केव्हाच. दार लावून. मध्ये कुठे थांबवलंच नाही."

सहा वर्षं तो अशा एका माणसाची वाट पाहत होता. ते माणूस आपल्या वैऱ्याच्याच घरात निघालं होतं, आणि त्याला आनंद काही होईना. आपलं गाणं खोटं ठरलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"बघता काय? वाजवा!" स्टॅनी ओरडला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "चौथं वाजवा!"

बँडमास्तरनं क्लॅरिनेट ओठांपर्यंत नेलं आणि पुन्हा खाली घेतलं.

आलोशियसनं दोर हातभर-हातभर करत वर ओढला. कळशीला आणखी एक पोचा पडला होता. शर्टाच्या बाहीनं ती पुसून त्यानं प्रिस्काच्या हातात दिली. तिनं ती रिकामीच डोक्यावर घेतली, एका हातानं सावरली आणि घराकडे चालू लागली. बँडवाले वाद्यं काखेला मारून तिच्या मागोमाग निघाले.