हात लावू नये

प्लेटलेट्सची पिशवी पडून राहू द्यायची नसते. पाच दिवस ती सारखी हलती ठेवावी लागते, नाहीतर आतल्या पेशी मरतात. अमरावतीच्या आमच्या रक्तपेढीत त्यासाठी यंत्र होतं, पण २००६ साली बारा-बारा तास वीजच नसायची. इन्व्हर्टरनं मान टाकली की मी, टेक्निशियन बेबीताई, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन झुलवत बसायची. मनगटं पार कामातून गेली होती.

अकोल्याचे संशोधक हसनैन सर यावरच उपाय घेऊन आले. पॉलिमरचे नॅनोकण! ते पिशवीत घातले की म्हणे न हलवताही पेशी जगणार. सरांनी शेल्फवर दोन पिशव्या ठेवल्या, एक कणांची, एक साधी. वर पाटी लावली, ‘हात लावू नये.’ पाटी कोणासाठी होती ते सांगायला नको. मला रागच आला.

पाचव्या दिवशी सरांनी कणांची पिशवी उजेडापुढे धरून हलकेच दाबली. पेशी जिवंत असल्या की आत चमकते ढग फिरतात. फिरले! सर नाचायचेच बाकी होते. मग साधी पिशवी धरली. तिच्यातही फिरले.

"कण प्लास्टिकातून तिकडं गेले की काय?" सरांनी डोकं खाजवलं. "दिल्लीच्या परिषदेत हेच सांगतो!"

दिल्लीनं मान डोलावली तर गावोगावी पिशव्या पडून राहतील आणि परतवाड्याच्या एखाद्या डेंग्यूच्या लेकराला मेलेल्या पेशी चढतील.

"सर, मीच हलवल्या."

"काहून?"

"जाता-येता हात जाते हो. पडलेली पिशवी मले पाहवत नाही."

नोकरी गेली असंच मी धरून चालले. पण सरांनी नव्या पिशव्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. पाच दिवसांनी साधी पिशवी मेलेली निघाली, कणांच्या पिशवीत तर गुठळ्याच. सरांनी वहीत खरं तेच लिहिलं. वाईट मलाच जास्त वाटलं. माझ्या मनगटांना ते कण हवेच होते.

तेवढ्यात लाइन गेली. थोड्या वेळानं इन्व्हर्टरही गेला. सर उठले, यंत्रातल्या दोन पिशव्या घेतल्या आणि गदागदा हलवू लागले.

"ताक घुसळून राहिले का सर? हळू."

"असं?"

"हां, असं."

"किती वेळ?"

"लाइन येतपर्यंत."